मुक्कामी गाडी यायच्या आधी

घड्याळ मनगटावर राहू द्या, पुढे लागेल. मोबाइलही खिशात असू द्या. सुरुवातीला तो नुसतं ओझं आहे, पण शेवटच्या मुक्कामावर त्याच्यावाचून अडेल. जमवलेले सल्ले मात्र इथेच नाशकात ठेवून चला. दृष्ट लागलीय, जंत झालेत, कार्टून बंद करा, उशीखाली सुरी ठेवा. हे सल्ले जिथून निघाले, तिकडेच आपण चाललोय.

तुमचं पाच वर्षांचं मूल रात्री दहाच्या सुमाराला ताडकन उठून बसतं आणि किंचाळतं. डोळे उघडे, पण तुम्हाला ओळखत नाही. जवळ घ्यायला जावं तर लाथा झाडतं. पाच-सात मिनिटांनी आपलं आपणच आडवं होतं आणि सकाळी पोहे खाताना त्याला यातलं काही आठवत नाही. आठवतं ते तुम्हाला. डॉक्टरांच्या भाषेत हे नाइट टेरर. एवढं माहीत असलं की निघायला पुरे.

रस्ता गिरणाऱ्यावरून, वाघेऱ्याच्या डोंगराखालून. निघताना डांबरी होता. हरसूल जवळ येईपर्यंत त्याची पायवाट झालेली आहे आणि साल आहे १८५७, महिना डिसेंबर. ५ तारखेच्या रात्री त्र्यंबकच्या सरकारी खजिन्यावर भिल्ल आणि ठाकर चालून गेले. पाठोपाठ हरसूलचा बाजार लुटला गेला. आता पलटणीचे लोक डोंगर धुंडाळत फिरतायत. हा पेठ संस्थानाचा मुलूख. या बंडापायी ज्या भगवंतरावांचं नाव लोक दबक्या आवाजात घेतायत त्यांना फाशी होणार आहे, हे इथे फक्त तुम्हाला माहीत आहे. बोलू नका.

तुम्ही एका घळीत बसला आहात. चार घरांची माणसं, दोन बैल, विस्तव नाही. पेटवला तर धूर दिसेल. थंडीने दात वाजतायत. लेकरं झोपली, मग बायका झोपल्या, आणि मग तो आवाज येतो. तुमच्या घरात येतो तोच. चार वर्षांचं पोर उभं राहून कोणाला तरी हाताने ढकलतं आहे आणि घसा फुटेपर्यंत ओरडतं आहे.

बापाला पोराची भीती नाही, आवाजाची आहे. खाली पलटण असली तर? तो पोराचं तोंड दाबतो. त्यासरशी पोर असं उसळतं की दोन माणसांना आवरत नाही. चावतं, ओरबाडतं. जितकं धरावं तितकं पिसाळतं. शेवटी आजी बापाचा हात सोडवते आणि पोराला मोकळं करते. थोड्या वेळाने ते खाली बसतं, कुशीवर वळतं आणि झोपतं. पलटण येत नाही.

मग अंधारात कुजबुज चालते. बाजाराची लूट पाहिली म्हणून भ्यालं. बंदुकीचा बार ऐकला म्हणून भ्यालं. आपण वाघदेवाच्या जागेवर निजलो म्हणून. प्रत्येकाकडे कारण आहे आणि प्रत्येक कारण या आठवड्यातलं आहे. आजी तेवढी म्हणते, गेल्या शिमग्यालाही हा असाच उठला होता. तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. तुम्ही द्या. मुलाच्या या किंचाळण्याला घरातली ताजी घटना चिकटवायची सवय पुढेही सुटणार नाही. शाळा बदलली म्हणून, धाकटं झालं म्हणून, त्या दिवशी तुम्ही ओरडलात म्हणून. कधीकधी ताणाने भर पडतेही, पण बहुतेक पोरांच्या मागे असं काही घडलेलं नसतं.

इथून त्र्यंबकला उतरून एखाद्या वैद्याच्या ओसरीवर बसलात तर तो पोथी सोडेल. मुलांना झपाटणारे बालग्रह सुश्रुताने नऊ सांगितले, वाग्भटाने बारा: स्कंद, शकुनी, रेवती, पूतना आणि मंडळी. लक्षणं ऐका. मूल क्षणात घाबरतं, क्षणात रडतं, नखांनी-दातांनी दाईला आणि स्वतःला ओरबाडतं, वर टक लावून बघतं. त्या वर्णनात आकडी आहे, ताप आहे, मेंदूचे आजार आहेत आणि कुठेतरी तुमचं पोरही आहे. बघणाऱ्यांनी नीट बघितलं होतं. फक्त हे कधी होतं, झोपल्यावर किती वेळाने, ते कोणी टिपलं नाही. घड्याळं नव्हती, हे एक. आणि रात्री जागं असलेलं माणूस पोराकडे बघत होतं, आकाशाकडे नाही, हे दुसरं.

वैद्याला नमस्कार करा. शिकागोला जायचंय.

तिथे फार थांबायचं नाही. डिसेंबर १९५१, विद्यापीठाच्या अ‍ॅबट हॉलमधली एक खोली. यूजीन अ‍ॅसेरिन्स्की नावाच्या विद्यार्थ्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाला, आर्मंडला, डोक्याला आणि डोळ्यांजवळ तारा चिकटवून झोपवलं आहे. यंत्र जुनाट, अडगळीतून उचललेलं. शेजारच्या खोलीत कागदाची भेंडोळी सरकतायत. मध्येच टाक वेड्यासारखे हलायला लागतात. बापाला वाटतं पोरगं जागं झालं. आत जाऊन बघतो तर आर्मंड गाढ झोपलेला, पापण्यांखाली डोळे तेवढे इकडून तिकडे पळतायत. सप्टेंबर १९५३ मध्ये अ‍ॅसेरिन्स्की आणि त्याचे गुरू नॅथॅनियल क्लाइटमन यांचा निबंध ‘सायन्स’मध्ये छापून येतो आणि झोपेत डोळे फिरण्याचा असा वेगळा टप्पा येतो हे जगाला कळतं. डोळे फिरण्याच्या त्या झोपेत, म्हणजे रेम झोपेत, ठसठशीत स्वप्नं पडतात. ती झोप रात्रीच्या उत्तरार्धात लांबत जाते. पहाटे मूल रडत उठलं, तुम्हाला बिलगलं, ‘कुत्रा मागे लागला होता’ म्हणालं, तर ते स्वप्न. त्याला जवळ घ्या, दिवा लावा, कुत्र्याची हकिगत ऐका.

तुमच्या पोराचं प्रकरण निराळं. ते रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यातलं, झोप लागल्यावर एक ते तीन तासांत. तेव्हा झोप सगळ्यात खोल असते आणि रेमचा पत्ता नसतो. १९६८ मध्ये रॉजर ब्रॉटन याने त्याच ‘सायन्स’मध्ये मांडलं की झोपेत किंचाळणं, झोपेत चालणं, अंथरूण ओलं करणं ही खोल झोपेतून अर्धवट जागं होण्याची गडबड आहे. स्वप्नाचा त्यात फारसा भाग नाही. घराचं पुढचं दार धाडकन उघडावं आणि आतलं माणूस गाढ झोपलेलंच असावं, तसं. डोळे, पाय, घसा, काळीज जागं झालं. ओळखणारा आणि लक्षात ठेवणारा भाग उठलाच नाही. म्हणून ते तुम्हाला ओळखत नाही. तुमच्यावर राग नाही त्याचा.

आता परत हरसूल. या वेळी राहायचं आहे.

जानेवारी १९७४. तुमच्या अंगावर खाकी शर्ट आहे, खांद्याला झोळी, झोळीत काचपट्ट्या, सुई, कापूस आणि क्लोरोक्विनच्या गोळ्या. तुम्ही मलेरियावाला आहात. १९५८ साली हिवताप निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून तुमच्यासारखी माणसं दर पंधरवड्याला दारोदार ‘ताप आहे का कोणाला?’ विचारत फिरतायत. १९६५ मध्ये देशभरात हिवतापाचे रुग्ण लाखभरावर आले होते. आता तो परत उसळला आहे. दोन वर्षांनी आकडा ६४ लाखांवर जाईल. म्हणून या पाड्यावर तुम्ही मुक्काम टाकला तर कोणाला नवल वाटत नाही.

पाडा हरसूलच्या अलीकडे, रस्त्याच्या वळणावर. अर्धी घरं बंद, माणसं मजुरीला गेलेली. ज्या घरात तुमची घोंगडी पडली आहे ते कारवीच्या कुडाचं, शेणामातीने सारवलेलं. एका कोपऱ्यात नागलीची कणगी, मधल्या आढ्याला टांगलेली भोपळ्याची बुधली, चूल आतच. गेल्या वर्षीच्या तेलाच्या भावांच्या भडक्यापासून रॉकेलला रांग लागते, त्यामुळे चिमणी स्वयंपाकापुरतीच. नागलीची भाकर आणि उडदाचं कालवण खाऊन झालं की अंधार, आणि अंधार म्हणजे झोप. तुमच्या घड्याळात तेव्हा सात वाजलेले असतात.

घरात नवरा-बायको, नवऱ्याची थोरली बहीण आणि पाच वर्षांचा मुलगा. मुलाच्या आईचं वय बाविसेक असेल. ती पहिल्याच संध्याकाळी तुम्हाला विचारते, ‘दादा, तुमच्याकडं भ्यायल्यावरची गोळी आहे का?’

मुलाच्या कपाळाला हात लावा आधी. ताप नाही. प्लीहा वाढलेली नाही. ताप असता तर गोष्ट वेगळी. तापातही पोरं अशी उठतात आणि इथे ताप म्हणजे हिवताप असू शकतो. काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेऊन ठेवा, शंका नको. मग तिला बोलू द्या.

ती सांगते. भात झोडून झाल्यापासून सुरू झालं. रोज नाही, पण बहुतेक रोज. मुक्कामी गाडी येते त्याच वेळी. नाशिकहून रात्री हरसूलला येणारी एसटी या वळणावर मोठ्ठा हॉर्न देते, आणि पोऱ्या उठतो. वळणावर एक बाई वारली होती. ती गाडीबरोबर येते, असं सगळा पाडा म्हणतो. ‘आन् परवा गाडी घाटात बंद पडली, आलीच नाही, तर हाबी उठला नाही. आता बोला.’

काय बोलणार! पुरावा तिच्याकडे आहे आणि चोख आहे. निष्कर्ष तेवढा तुमचा वेगळा. सातला झोपलेलं मूल साडेआठच्या सुमाराला सगळ्यात खोल झोपेत असतं. ज्या पोरांची घडण अशी असते त्यांना त्या झोपेत मोठा आवाज झाला, लघवीची कळ आली, थंडी वाजली, तरी अर्धवट जाग यायला पुरतं. दिवसभर रानात गुरांमागे हिंडून दमलेलं पोर, दुपारची झोप नाही, त्यामुळे रात्रीची झोप आणखी खोल. मग हॉर्न.

हे सगळं मनातच ठेवा. खोल झोपेचा आलेख या घरात कोणाला लागणार नाही. नणंदेने आधीच उपाय ठरवला आहे: पोटावर डाम. विळा चुलीत लाल करायचा आणि बेंबीच्या बाजूला टेकवायचा. तिच्या भावाला लहानपणी दिला होता, तिने सदरा वर करून दाखवलाही. नवऱ्याच्या पोटावर चार पांढुरके वण. ‘राहिला ना बरा?’ ती विचारते. आई म्हणते, भगत आधी बघू दे. नणंद म्हणते, बघू दे, पुढच्या बाजारापर्यंत वाट बघू. म्हणजे तुमच्याकडे आठवडा आहे.

पहिल्या रात्री फक्त बघा. साडेआठला चार मिनिटं कमी असताना हॉर्न वाजतो. पोर बसतं होतं. किंकाळी अशी की कणगीमागचा उंदीर पळतो. निखाऱ्यांच्या उजेडात त्याच्या बाहुल्या मोठ्या दिसतात, काळ्याभोर. जानेवारीच्या थंडीत मानेवर घाम. छातीला हात लागला तर काळीज धडधडताना कळेल, पण हात लावू नका. आई ‘माझ्या राजा, मी हाय ना’ म्हणत पुढे होते आणि तो तिच्याकडे असा बघतो की जणू ज्याला भ्यायचं ती हीच. ती मागे सरते. त्या घरात त्या क्षणी सगळ्यात जास्त दुखावलेलं माणूस तीच आहे. पोराला काही कळतच नाहीये.

नवरा पाण्याचा तांब्या उचलतो, तोंडावर मारायला. त्याचा हात धरा. ‘पाणी नको, थांबा.’ नणंद विचारते, ‘सांग, कोण आहेस तू? कुठून आलीस?’ तिला कसं थांबवणार! तुम्ही करायचं एकच. उठा आणि पोर आणि चूल यांच्यामध्ये उभे राहा. कारण तो आता चालायला लागला आहे आणि निखारे चार हातांवर आहेत. कोयता कुडाला टेकवलेला आहे, तो पायाने बाजूला सारा. या घरात पोराला खरा धोका आहे तो या दोन वस्तूंचा. तुमच्या नाशिकच्या घरात तो जिन्याचा, गॅलरीच्या दाराचा आणि दुमजली पलंगाचा असेल. हळू आवाजात काहीही बोलत राहा, एकसुरी. अर्थ पोचत नाही. आवाज पोचतो की नाही कोणास ठाऊक, पण बोलणाऱ्याला बरं वाटतं, आणि घाबरलेली मोठी माणसं निदान गप्प बसतात.

घड्याळ बघा. चार मिनिटं. तुम्हाला तासभर वाटलं. पोर खाली बसतं, अंगठा तोंडात जातो, झोपतं.

दुसऱ्या दिवशी भगत येतो. त्याच्याबद्दल मनात काही ठरवून बसला असाल तर तेही विसरा. वयस्क माणूस, कमरेला लंगोटी, डोक्याला पटकूर. सुपात तांदळाचे दाणे टाकतो, जोड्या लावतो, उरलेला दाणा बघतो. पण दाणे मांडण्याआधी तो पाऊण तास नुसतं विचारतो: कधी निजतो, काय खातो, कोणाकडे निजतो, आधी घरात कोणाला असं होतं का. इतक्या प्रश्नांची वेळ तुम्हाला नाशिकच्या दवाखान्यात कोणी दिली होती? मग तो सांगतो, वळणावरचं आहे, गाडीबरोबरच येतं. नणंद जिंकल्यासारखी बघते.

इथे तुम्ही तोंड उघडायचं. वाद घालायचा नाही. विचारायचं: ‘बाबा, ते जागत्या माणसाला धरतं का?’

भगत तुमच्याकडे बघतो. विचार करतो. ‘जागत्याला कसं धरील?’

‘मग गाडी यायच्या आधी पोराला जागा केला तर?’

भगत सूप बाजूला ठेवतो. त्याला ते पटतं, त्याच्या हिशेबाने पटतं. तो काळा दोरा मंतरून पोराच्या हाताला बांधतो आणि घराला बजावतो: रोज गाडीच्या आधी उठवा, नीट जागं करा, बाहेर न्या, पाणी पाजा, गाडी गेली की निजवा. मध्ये उठलाच तर कोणी अंगाला हात लावायचा नाही. शेवटचं वाक्य तुम्ही सांगितलेलं नाही, त्याचं त्याने घातलं. किती पोरं बघितली असतील त्याने.

त्या रात्री सव्वाआठला तुम्ही खोकता. आई पोराला हलवते. तो कुरकुरतो, डोळे चोळतो, ‘आय, थंडी वाजते’ म्हणतो. आईला ओळखतो! तिचा चेहरा बघा. ती त्याला बाहेर नेऊन आणते, पेजेचं कोमट पाणी देते, पाचेक मिनिटं मांडीवर घेऊन बसते. हॉर्न वाजतो. पोर विचारतं, ‘गाडी आली?’ आणि झोपतं.

पुढच्या रात्रीही तसंच. तिसऱ्या रात्री गाडीच लवकर येते आणि सगळे गाफील सापडतात. किंकाळी, घाम, सगळं परत. नणंद विळ्याकडे बघते. पण आता आई पुढे होत नाही आणि नवरा तांब्या उचलत नाही. ती चुलीपुढे उभी राहते, तुम्ही उभे होता तिथे. अडीच मिनिटांत पोर झोपतं. चौथ्या रात्री, पाचव्या, सहाव्या रात्री शांत. बाजाराच्या दिवशी विळ्याचा विषय निघत नाही. पाड्यावर नाव होतं ते काळ्या दोऱ्याचं.

होऊ द्या. सगळ्या प्रवासात मला सांगायचं आहे ते इथेच आहे. नाइट टेरर आपलं आपण थांबतं: त्या रात्रीचं काही मिनिटांत, आणि एकूणच बहुतेक पोरांचं वाढत्या वयाबरोबर. जे जाणारच आहे त्याला घालवल्याचं श्रेय, ते जाताना जो हजर होता त्याला मिळतं. दोऱ्याला, अंगाऱ्याला, मिठमोहऱ्यांना, आणि खरं बोलायचं तर बालरोगतज्ज्ञाने दिलेल्या व्हिटॅमिनच्या बाटलीलाही. दोऱ्याने कोणाचं काही बिघडत नाही. डामाला मात्र तेच श्रेय मिळतं तेव्हा ते पुढच्या पोराच्या पोटावर उतरतं, मग त्याच्या पोराच्या. नणंद दुष्ट नव्हती. तिच्याकडे बरा झालेला भाऊ होता. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली तापल्या वस्तूचे चटके देणं गुन्हा ठरवलं. त्या वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर तो आधी वटहुकूम म्हणून आला. पण कायदा सांगतो काय करू नये. आईला रात्री साडेआठला काहीतरी करायचं असतं.

१९८८ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातले ब्रायन लास्क ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक छोटा निबंध लिहितात. १९ मुलं. आईबापांनी पाच रात्री फक्त वेळ टिपायची. मग त्या वेळेच्या दहा-पंधरा मिनिटं आधी मुलाला पूर्ण जागं करायचं, पाचेक मिनिटं जागं ठेवायचं, झोपवायचं. आठवड्याभरात किंचाळणं थांबलं. मुलं थोडी, तुलनेला दुसरा गट नाही, नंतरचे अभ्यासही लहानच, त्यामुळे हा रामबाण नव्हे. ज्याचं किंचाळणं रोज ठरावीक वेळेला होतं त्याला त्याचा उपयोग. कधीमधी उठणाऱ्याला उगाच उठवून त्याची झोप मोडू नका. पण गोळी नाही, खर्च नाही.

आता शेवटचा मुक्काम. जानेवारी २०२४. हरसूल आता त्र्यंबकेश्वर तालुक्यात. ग्रामीण रुग्णालयातल्या बाकावर तुम्ही नंबर लावून बसलात, मोबाइलमध्ये तुमच्या मुलाचा व्हिडिओ घेऊन. रात्री कोणीतरी दीड मिनिट तो काढला, बरं झालं. डॉक्टरला तुमच्या वर्णनापेक्षा तो जास्त सांगेल. एका रात्रीत अनेकदा होतं का, दर वेळी हातपाय हुबेहूब तसेच वळतात का, अंग ताठ होतं का, लाळ गळते का, झटके दर वेळी अर्ध्या मिनिटात आटोपतात का. तसं असेल तर आकडीचा संशय घ्यावा लागतो आणि मेंदूचा आलेख काढावा लागतो. या भागात आणखी एक बघतात. हातपाय धरून रडणारं मूल सिकलसेलच्या कळांनी रडत असू शकतं. ते जागं असतं, दुखतंय सांगतं, सकाळी त्याला आठवतंही.

तुमच्या आधी एक कुटुंब आत गेलं आहे. दार उघडंच आहे. पाच वर्षांचा मुलगा, त्याची आई, पंचावन्न वर्षांचे आजोबा, आणि रक्तदाबाची गोळी न्यायला आलेली पणजी.

डॉक्टरीणबाई विचारतात, ‘घरात आणखी कोणाला असं व्हायचं का लहानपणी? झोपेत चालणं, ओरडणं?’

‘आमच्या घरात असलं कधीच नव्हतं,’ आजोबा ठासून सांगतात.

पणजी तोंडावर पदर धरून हसते. ‘याला काय आठवतंय! पाडा जागा करायचा हा. मुक्कामी गाडी आली की बसता व्हायचा.’

आजोबा तिच्याकडे असे बघतात की ती दुसऱ्याच कोणाबद्दल बोलते आहे. त्यांचा इलाज नाही. ज्याला झालं त्यालाच माहीत नसतं, आणि हे घराण्यातून उतरतं. कॅनडाच्या क्वेबेकमधल्या मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दीड वर्षाच्या मुलांपैकी तिसऱ्या हिश्श्याला नाइट टेरर होतं, पाच वर्षांच्या मुलांपैकी साधारण १३ टक्क्यांना. त्याच अभ्यासात आईबाप झोपेत चालणारे असले की मुलंही चालण्याची शक्यता कितीतरी वाढलेली दिसली. घराघरांत ‘आमच्यात असलं नव्हतं’ म्हणणारे किती असतील, त्यातले किती या आजोबांसारखे!

‘काल कधी निजला?’ पणजीच नातसुनेला विचारते, डॉक्टरांच्या आधी.

‘काल अकराला. लग्नाला गेलो होतो. परवा नऊला, टीव्ही बघत.’

‘आधी ते बघा,’ डॉक्टर म्हणतात. ‘या वयाला दहा ते तेरा तास झोप लागते, दुपारची धरून. रोज एका वेळेला निजवा. आठला म्हणा. मग कधी ओरडतो ते आठवडाभर लिहा.’

‘आन् मग त्याच्या आधी उठवा,’ पणजी म्हणते.

डॉक्टर हातातलं पेन थांबवतात. ‘आजी, तुम्हाला कोणी सांगितलं हे?’

‘भगताने.’

तुम्ही खाली बघा, हसू नका. डॉक्टर मुलाला तोंड उघडायला लावतात, बॅटरी मारतात. टॉन्सिल मोठे आहेत. टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइडमुळे श्वास अडला की झोप पुन्हापुन्हा मोडते आणि मग अशी उठण्याची खोड वाढते. तिथे मुळातला इलाज श्वासाचा.

‘हा घोरतो का रात्री?’

सून आणि पणजी एकमेकींकडे बघतात. ‘आबांजवळ निजतो,’ सून म्हणते. ‘त्यांच्या घोरण्यात याचं काय ऐकू येणार?’

‘मग आज आबांना पडवीत निजवा. आणि मोबाइलवर दहा मिनिटं आवाज धरा याचा.’

‘जानेवारीत पडवीत?’ आबा विचारतात.

पणजी उठून उभी राहते, गोळ्यांची पुडी कनवटीला लावते. ‘घोंगडी देते तुला,’ ती म्हणते, ‘चल.’